बार आणि नळी



आसनगाव स्टेशनात उतरले की माहुलीचे सुळके नजरेस पडतात. 1636 साली याच गडावर शहाजीराजांना शरण जावे लागले. अशा मुलखात तोफा-बंदुकांच्या गोष्टी आपण आवडीने ऐकतो. पण दारू चालवणाऱ्याचाही घास घेते, हा इतिहास क्वचितच सांगितला जातो. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स 1460 साली वेढ्यात मेला, तो शत्रूच्या गोळ्याने नव्हे, शेजारची स्वतःचीच तोफ फुटून! 1844 साली अमेरिकेच्या ‘प्रिन्स्टन’ जहाजावर तोफ फुटून दोन मंत्री ठार झाले.

नळीतला दाब डोळ्यांना दिसत नाही, ही खरी अडचण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अँड्र्यू नोबलने तांब्याचा लहानसा तुकडा दाबाखाली ठेवला आणि तो किती चेपला यावरून दाब काढला. अंदाजाची जागा मापाने घेतली.

आता मोठ्या तोंडाच्या, खालची तरफ ओढून चालणाऱ्या रायफलींचे पाहा. त्यांतले प्रसिद्ध ‘45-70’ काडतूस 1873 चे. पंचेचाळीस म्हणजे गोळीची जाडी, इंचाच्या शतांशांत. सत्तर म्हणजे काळ्या दारूचे ग्रेन. ही दारू काडतूस भरून टाकी. पुढे बिनधुराची दारू आली. ती थोडी पुरते, म्हणून त्याच मोठ्या काडतुसात जागा मोकळी राहते आणि घरी भरणाऱ्याच्या हातून चुकून दुप्पट बार पडला तरी तो आत मावतो! अमेरिकेत या काडतुसाला दर चौरस इंचास 28,000 पौंडांची मर्यादा आहे; पुढच्या काळातल्या ‘30-06’ ला 60,000 ची. नवी मजबूत रायफल अधिक सोसेल, हे खरे. मग मर्यादा इतकी खाली का? कारण तेच काडतूस 1873 च्या जुन्या बंदुकीतही बसते. आपण कोणत्या नळीत जाणार, हे काडतुसाला कळत नाही. म्हणून मर्यादा ठरते ती सर्वांत दुबळ्या नळीवरून.

आपल्याकडे खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना 1869 चा. परवान्यावाचून काडतुसे बनवणे 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. कायद्याचा धाक बाजूला ठेवला, तरी ‘बार जास्त तर मार जास्त’ ही समजूत कित्येकांच्या बोटांवर आणि डोळ्यांवर बेतली आहे. शौर्य नळीच्या पुढे दाखवावे; नळीच्या मागे मात्र मापच हवे.