चित्रगुप्ताची वही आणि सोळा प्रश्न

तिरडी बांधून झाल्यावर माणूस उठून बसल्याची गोष्ट सातारा-सांगलीकडच्या खेड्यांतून ऐकू येते. काळे दूत आले, ओढीत घेऊन गेले. वर कारकुनाने वही उघडली आणि म्हणाला, ‘हा नव्हे, याच नावाचा शेजारच्या गावचा आणा!’ ऐकणारे हसतात. पण श्रोतेहो, अशा हकीकतींना मोजमाप लावण्याचा उद्योगही झालेला आहे.

१९७५ साली अमेरिकेत रेमंड मूडी यांनी मरणाच्या दारातून परतलेल्यांच्या जबान्या छापल्या. त्यांना माप नव्हते. १९८० मध्ये केनेथ रिंग यांनी गुण देण्याची रीत बसवली आणि १९८३ मध्ये ब्रूस ग्रेसन या मनोविकारतज्ज्ञांनी १६ प्रश्नांची पट्टी केली. मन शांत झाले काय? शरीराबाहेर पडल्यासारखे वाटले काय? गेलेले आप्त दिसले काय? प्रत्येक उत्तरास शून्य, एक वा दोन गुण, एकूण ३२. सात मिळाले की अनुभव दफ्तरी दाखल.

आमची हयात हजेरीपटाशी झगडण्यात गेली. तक्ता दिसला की आम्ही आधी रकाने पाहतो. पाहणीचा कागद घेऊन आलेले साहेब हमालास विचारीत, ‘पोती किती उचललीस?’ गाडीची वाट पाहण्यात गेलेल्या तासांना रकानाच नसे, म्हणून ते अहवालातही नसत. ग्रेसन यांची पट्टी अमेरिकन जबान्यांवरून बेतलेली. तीत हद्दीवरून परत धाडल्याची सोय आहे. भलताच माणूस उचलल्याची नाही.

१९८६ साली बंगलोरच्या मानसिक आरोग्य संस्थेतील सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन यांनी उत्तर भारतातील १६ प्रकरणे प्रसिद्ध केली. त्यांत तेच दूत, तीच वही, तीच नावांची गफलत! अमेरिकेत वारंवार ऐकू येणारे, आपलाच देह वरून पाहिल्याचे वर्णन मात्र त्यांत नव्हते. म्हणजे आपल्या माणसाचे तेवढे गुण कापलेच.

यावरून यमलोक खरा ठरत नाही. २००८ मध्ये जयंत नारळीकरांनी साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांसह फलज्योतिषाची चाचणी घेतली, तेव्हा मुलगा हुशार की मतिमंद हे पत्रिकेवरून ओळखायचे होते. उत्तर चूक की बरोबर हे ताडता आले, आणि ज्योतिषी ४६ टक्क्यांवर थांबले. नाणे उडवूनही तेवढे जमते! इथे ताडायला काही नाही. पट्टी मोजते ते माणसाचे सांगणे. मग ते त्याच्या शब्दांत का घेऊ नये? दूतांनी ओढल्याची धास्ती घेऊन शुद्धीवर आलेला म्हातारा लोक हसतील म्हणून गप्प बसतो, आणि डॉक्टरला ती धास्ती कळतच नाही. मिरजेसारख्या रुग्णालयांच्या गावी कोणी असा कागद नेलाच, तर त्याचे पहिले पान कोरे ठेवावे आणि प्रश्न दुसऱ्या पानापासून छापावेत.