बांचं मेज

सेवाग्रामच्या आश्रमात बापू कुटीच्या जवळच बा कुटी आहे. माणसांनी सदा गजबजलेल्या आश्रमात कस्तुरबांना थोडा आडोसा मिळावा, म्हणून जमनालाल बजाज यांनी ती बांधून दिली. 1942च्या ऑगस्टात बा मुंबईला गेल्या, त्या या कुटीत पुन्हा आल्याच नाहीत.

9 ऑगस्टला गांधीजींना अटक झाली. शिवाजी पार्कच्या सभेत त्यांच्याऐवजी बोलायला निघालेल्या बांनाही त्याच दिवशी पकडलं. सोबत डॉ. सुशीला नायर होत्या. सगळ्यांची रवानगी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये झाली. तिथं 15 ऑगस्टला गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई हृदयविकाराच्या झटक्यानं काही मिनिटांत गेले.

बांचं हृदय मात्र सावकाश थकत गेलं. दम लागे, आडवं पडलं की श्वास कोंडे. पुढं झुकून हात आणि डोकं टेकता यावं, म्हणून गांधीजींनी त्यांच्या खाटेवर ठेवायला एक छोटं लाकडी मेज करवून घेतलं. निजल्यावर दम लागणं आणि उठून बसल्यावर बरं वाटणं, ही थकलेल्या हृदयाची ओळखीची खूण. जानेवारी 1944मध्ये झटके आले, पुढं न्यूमोनियानं गाठलं. धाकटे चिरंजीव देवदास यांच्या आग्रहानं पेनिसिलिन आलं. पण अखेरच्या घडीला सुया टोचून छळ नको, म्हणून गांधीजींनी ते देऊ दिलं नाही. 22 फेब्रुवारी 1944ला बा गेल्या.

त्यांच्या स्मारकासाठी देशानं 75 लाखांचा निधी जमवायचं ठरवलं. तो खेड्यांतल्या बायका-मुलांसाठी होता. सुशीलाबेननी सेवाग्रामात बांच्या नावानं जो दवाखाना उभा केला, तोही बायका-मुलांचाच. बाळंतपणात बाई दगावण्याचा तो काळ. त्यामुळं सुरुवात तिथून झाली ते रास्तच होतं. 1969 साली, गांधी जन्मशताब्दीत, त्याला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था जोडली गेली. खेड्यातलं देशातलं हे पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. पुढं आसपासच्या गावांनी सुगीला ज्वारी देऊन घरादाराचा आरोग्य विमाही उतरवला.

पण बाईचं आरोग्य म्हणजे गर्भाशय, ही समजूत जगभर चिवट निघाली. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावी 1948मध्ये सुरू झालेल्या अभ्यासातल्या 5,209 माणसांत निम्म्याहून अधिक बायका होत्या. तरीही 1980च्या दशकात ॲस्पिरिन हृदयाला वाचवतं का, हे तपासलं गेलं ते 22,071 पुरुष डॉक्टरांवर. हृदयविकार हा कर्त्या पुरुषाचा आजार ठरला. बाईचा दम मात्र ‘अशक्तपणा’ किंवा ‘ॲसिडिटी’ म्हणून घरातच राहिला.

छातीत दुखणं हे बायकांतही मुख्य लक्षण आहेच. पण दम, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं, अकारण थकवा ही लक्षणं त्यांच्यात अधिक आढळतात. पाळी गेल्यावर धोका वाढतो. बीपी, साखर आणि विदर्भात घरोघरी पोचलेला तंबाखूचा खर्रा त्यात भर घालतात. लहानपणी घसा धरून पुढं सांधे सुजले, तर हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. ते टाळायला दर तीन-चार आठवड्यांनी जे इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, तेही पेनिसिलिनचंच. अशा झडपांचं दुखणं पुष्कळदा पहिल्यांदा कळतं ते गरोदरपणात.

म्हणजे बाळंतपणाचा दवाखाना आणि हृदयाचा दवाखाना यांत फार अंतर नाही. गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढलेल्या बाईला पुढं हृदयविकाराचा धोका जास्त असतो, हे आता पक्कं झालं आहे. तेव्हा बाळंतपणाचं जुनं कार्ड फेकू नका. पन्नाशीत तपासायला जाताना ते सोबत न्या, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून दाखवा.