इकुन्याची सीमा आणि दगडांची साक्ष

प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात एक साधी नोंद आहे. इकुन्यात दगडमाराचा बेत झाल्याचे कळताच पौल व बर्णबा लुकवनियातील लुस्त्र व दर्बे ह्या नगरांकडे निघून गेले. ह्याचा अर्थ असा की, लूकाच्या समजुतीप्रमाणे इकुन्या लुकवनियात नव्हते; प्रेषितांनी सीमा ओलांडली होती. ह्या सीमेने एका विद्वानाचे मत पालटले. ती हकीकत व तिच्यापासून आम्हां उपदेशकांनी घ्यावयाचा बोध, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

सर विल्यम मिचेल रॅम्झे (१८५१–१९३९) हे स्कॉटलंडचे. १८८० साली ते आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, संशोधनासाठी गेले. त्या काळी जर्मनीतील ट्युबिंगेन संप्रदायाचे विद्वत्तेच्या क्षेत्रात मोठे वजन होते. प्रेषितांची कृत्ये हे दुसऱ्या शतकात विशिष्ट हेतूने रचलेले पुस्तक असून इतिहास म्हणून त्याची किंमत थोडी, असे त्या संप्रदायाचे म्हणणे. रॅम्झे ह्यांच्यावरही ह्याच मताचा पगडा होता. शास्त्राचे समर्थन करावे म्हणून ते तेथे गेले नव्हते. जुने रस्ते, नगरांच्या जागा व प्रांतांच्या सीमा निश्चित करणे हे त्यांचे काम होते.

इकुन्याचा प्रश्न असा होता. सिसेरो व थोरला प्लिनी हे रोमन लेखक ते नगर लुकवनियात घालतात. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन मात्र त्याला फ्रुगियाचे शेवटचे नगर म्हणतो. तेव्हा लूकाने शिळी माहिती उचलली, असा आक्षेप घेतला जाई. प्रत्यक्ष प्रदेश पाहिल्यावर रॅम्झे ह्यांना दिसून आले की, राज्यकारभाराच्या विभागणीत नगर कोठेही मोडो, तेथील लोक स्वतःला फ्रुगीच मानीत. सन १६५ च्या सुमारास हुतात्मा जस्टिनबरोबर न्यायासनापुढे उभ्या राहिलेल्या हिएराक्स नावाच्या ख्रिस्ती मनुष्यानेही आपण फ्रुगियातील इकुन्याचे असल्याचे सांगितले होते. कागदावरची सीमा एक आणि माणसांच्या बोलीची व मनाची सीमा दुसरी असू शकते, हे सीमाभागातील आमच्या वाचकांना समजावून सांगावयास नको. लूकाने लोकांच्या तोंडची सीमा लिहिली. आणि ती त्या वाटेने गेलेल्यांकडूनच कळण्यासारखी होती.

पुढे अशा साक्षी वाढत गेल्या. १८८५ साली स्टेरेट ह्या अमेरिकन संशोधकास हातुनसराय गावाजवळ लॅटिन लेख असलेला दगड सापडला व लुस्त्राची जागा ठरली. लूकाने थेस्सलनीकाच्या अधिकाऱ्यांना लावलेला ‘पोलितार्ख’ हा शब्द ग्रीक वाङ्मयात इतरत्र आढळत नसे. तोच शब्द त्या नगराच्या वेशीवरील शिलालेखात मिळाला. डेल्फी येथील लेखाच्या तुकड्यांत बादशहा क्लौद्याच्या पत्रात गल्लियोचे नाव आले आहे. त्यावरून अखयात त्याचा अंमल सन ५१–५२ च्या सुमारास होता, असे ठरते. आणि पौलाच्या चरित्रातील सर्वांत पक्की तारीख आपल्या हाती येते.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात आम्ही मोठ्या उत्साहाने सांगून टाकले की, उत्खननाने सगळे पवित्र शास्त्र सिद्ध केले आहे. एका तरुणाने शांतपणे विचारले, “मग क्विरीनियाच्या नावनिशीचे काय?” क्विरीनियाची नावनिशी योसेफस ह्या इतिहासकाराच्या लेखनावरून सन ६ मधील ठरते आणि हेरोद राजा तर, बहुतेक अभ्यासकांच्या मते, ख्रिस्तपूर्व ४ मध्ये वारला. रॅम्झे ह्यांनी सुचविलेला उलगडा आम्ही पुढे केला; पण तो बहुतेक इतिहासकारांना मान्य नाही, हे आम्ही सांगितले नाही. तरुण गप्प बसला, मात्र त्याचे समाधान झाले नव्हते. दोष त्याच्या प्रश्नाचा नव्हता. आमच्या अतिरेकी विधानाचा होता. जो विश्वास आम्ही दगडांवर उभारून देतो, तो एका दगडाच्या अभावी डळमळतो.

दगड काय सांगू शकतात? गल्लियो न्यायासनावर बसत होता, हे ते सांगतात. पौलाने ज्याची घोषणा केली तो ख्रिस्त उठला आहे, हे सांगणे त्यांच्या शक्तीबाहेरचे आहे. विश्वास ऐकण्याने होतो, हीच पौलाची रोमकरांस शिकवण. तरीही दगडांची साक्ष हलकी नव्हे. शब्द देही झाला तो विशिष्ट काळी व विशिष्ट भूमीवर. म्हणूनच आपल्या विश्वासांगीकारात पंतय पिलाताचे नाव येते. ते नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरियात मिळाला.

शेवटी दर्ब्याविषयी. रॅम्झे ह्यांनी त्या नगराची जी जागा मानली होती, ती चुकीची ठरली. १९५६ साली मायकेल बॅलन्स ह्यांना मिळालेल्या शिलालेखामुळे ती बरीच पूर्वेकडे, लुस्त्रापासून शंभर किलोमीटरांच्या जवळपास गेली. आता चौदावा अध्याय पुन्हा वाचावा. लुस्त्रात दगडमार होऊन मेलेला समजून नगराबाहेर टाकलेला पौल दुसऱ्या दिवशी दर्ब्याकडे निघाला. ती एका दिवसाची मजल नव्हती. ठेचाळलेल्या अंगाने काही दिवसांची चाल होती. आणि दर्ब्याहून तो शिष्यांना धीर देण्यासाठी त्याच वाटेने लुस्त्रात परतला.

आपल्यापैकी थोड्यांनाच तो प्रदेश पाहावयास मिळेल. परंतु पुढच्या धड्याच्या वेळी वर्गापुढे नकाशा मांडावा, ते अंतर मोजून दाखवावे, आणि जे ठाऊक नाही तेही प्रांजळपणे सांगावे.