गिझरमधला पांढरा थर आणि पुण्याच्या पाण्याची गोष्ट

पुण्यात माणूस कुठल्या भागात राहतो, हे त्याच्या बाथरूमच्या नळावरून सांगता येतं. धरणाचं पाणी येतं तिथे तोटी वर्षानुवर्षं चकचकीत राहते. आमच्याकडे वाघोलीत, बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत, शॉवरची भोकं दोन महिन्यांत बुजतात, बादलीला पांढरा कड धरतो आणि गिझरची कॉइल बदलणं हा दिवाळीच्या साफसफाईसारखा नेमाचा खर्च होऊन बसलाय. प्लंबरला विचारलं तर तो म्हणतो, "बोअरचं पाणी आहे, चालायचंच." हे 'चालायचंच' कुठून आलं, ते जरा इतिहासात जाऊन बघू.

शाळेच्या पुस्तकात या पाण्याला 'दुष्फेन' म्हणतात. ज्यात साबणाचा फेस नीट होत नाही ते. आपल्या आज्यांनी हा शब्द ऐकला नव्हता, पण परीक्षा त्यांच्याकडे होती. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते पाणी जड. साबण फुकट जातो म्हणून केसांना रिठा-शिकेकाई लावायची.

जडपणा येतो कुठून? आपल्या पायाखालच्या काळ्या कातळातून. दख्खनचा बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची खनिजं भरपूर. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड उचलतं, किंचित आम्ल होतं आणि मग खडकातली ती खनिजं हळूहळू विरघळवत खाली जातं. पाणी जितकं खोल आणि जितका जास्त काळ दगडात अडकून पडेल, तितकं साधारणपणे जड. सह्याद्रीवर पडून ओढ्यानाल्यांनी धरणात आलेल्या पाण्याला एवढा वेळच मिळत नाही, म्हणून ते हलकं राहतं. शेतातल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात, तो याच विरघळलेल्या चुन्याचा दुसरा अवतार.

आता शहराकडे येऊ. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी बंदिस्त नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणलं. वाटेत गावभर हौद होते. काळा हौद, साततोटी हौद ही नावं आपण आजही घेतो. वाड्यात आड असायचे, तरीही राज्यकर्त्यांना डोंगरातलं पाणी गावात आणावंसं वाटलं, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे इंग्रजांच्या काळात कॅप्टन फाईफच्या योजनेतून खडकवासल्याचं धरण झालं आणि १८७९ पर्यंत ते पूर्ण झालं. नंतर पानशेत, वरसगाव आणि टेमघर आलं. म्हणजे अडीचशे वर्षांहून जास्त काळ पुण्याचं धोरण एकच होतं: डोंगरावरचं पाणी अडवायचं आणि ते सगळ्यांना पोचवायचं. जुन्या पुण्याची भांडी, बंब आणि नंतरचे गिझर या पाण्यावर वाढले.

बंबातही थोडाफार थर धरायचा. पण जाड तांब्याचं भांडं आणि आत निखारे. थर धरला तर पाणी उशिरा तापायचं, इतकंच. जळायला आत काही नव्हतं.

दुसरा रस्ता दुष्काळाने उघडला. साध्या विहिरी आटल्यावर काळा कातळ फोडून खोल जाणारी ड्रिलिंग यंत्रं १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे महाराष्ट्रात गावोगाव पोचली. पुढे देशभर लागलेला 'इंडिया मार्क टू' हातपंप ज्या आधीच्या पंपांवरून घडला, ते जालना आणि सोलापूरला तयार झाले होते. खेड्यांना त्या बोअरनी जगवलं, यात शंका नाही. पण ती तहान भागवण्याची सोय होती. हंडाभर पाण्यासाठी केलेली ती सोय पुढे आपण अकरा मजली इमारतींना लावली.

शहर पूर्वेला आणि दक्षिणेला पसरलं, सोसायट्या आधी झाल्या आणि जलवाहिनी नंतर 'येणार' होती. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. गावं कागदावर एका दिवसात आली. पाइप असा एका दिवसात येत नाही. आमच्या बिल्डरने पालिकेचं पाणी येईपर्यंत सोय करण्याची हमी दिली होती. ती सोय म्हणजे चार बोअर. त्यातले दोन आटले, मग टँकर सुरू झाले. टँकर भरतो कुठे? बऱ्याचदा दुसऱ्याच्या बोअरवर.

आता घरातल्या यंत्रांकडे बघा. जड पाण्यात चुना बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेला असतो, दिसत नाही. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतो न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट. जिथे सगळ्यात गरम तिथे तो आधी चिकटतो, म्हणजे थेट कॉइलवर. हा थर उष्णता नीट जाऊ देत नाही. पाणी तापायला वेळ लागतो, वीज जास्त जाते आणि कॉइल आतल्या आत तापून एक दिवस जाते. वॉशिंग मशीनच्या हीटरचंही तेच. साबणाचा चिकट साका कपड्यांवर बसतो, टॉवेल पापडासारखे कडक होतात, मग आपण पावडर दुप्पट टाकतो.

साधा हिशेब करा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा तुमचं पाणी ३०० चं आहे आणि घरात रोज ५०० लिटर लागतं. म्हणजे रोज १५० ग्रॅम, वर्षाला जवळपास ५५ किलो चुना तुमच्या नळांतून जातो. बहुतेक गटारात जातो, पण त्यातला थोडाही गिझरमध्ये राहिला तरी पुरे.

उपाय जुना आहे. १८४१ मध्ये ॲबर्डीनचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी पाण्यात चुन्याची निवळी घालून चुनाच खाली बसवण्याचं पेटंट घेतलं. पण लक्ष कुठे होतं बघा: पाणी घरी पोचण्याआधीच, एका ठिकाणी, सगळ्या गावासाठी मऊ करायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झिओलाइट वापरणारे सॉफ्टनर आले. झिओलाइट पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. मिठाच्या पाण्याने धुतला की पुन्हा तयार. आजच्या सॉफ्टनरमधलं रेझिन याच तत्त्वावर चालतं.

आणि गंमत म्हणजे झिओलाइटसाठी आमचा परिसर जगभर प्रसिद्ध आहे! वाघोलीच्या दगडखाणीत निघालेले निळे कॅव्हन्साइटचे स्फटिक, त्यांच्याखाली पांढरा स्टिलबाइट, हे जगातल्या खनिजसंग्रहांत मानाने ठेवलेले असतात. स्टिलबाइट हा झिओलाइटच. त्याच वाघोलीत आम्ही सॉफ्टनरसाठी मिठाची पोती आणतो, आणि तो खारा निचरा पुन्हा नाल्यात सोडतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जड पाणी म्हणजे विष नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादा घातलेली नाही. त्यामुळे घाबरवून महागडं आरओ गळ्यात मारणाऱ्यांपासून सावध राहा. शिवाय स्वयंपाकघरातल्या आरओने बाथरूमचा गिझर वाचत नाही. तापमान ५०-५५ अंशांवर ठेवा, वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करून घ्या, केटली आणि शॉवरची जाळी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवा. एवढ्याने बराच फरक पडतो.

पण माझा मुद्दा पैशाचा आहे. कॉइल, जादा वीज, जादा पावडर, सॉफ्टनर, मीठ, टँकर, हे सगळं मिळून एक कर होतो. तो कुठल्याही बजेटमध्ये छापला जात नाही, त्याची पावती मिळत नाही, आणि तो फक्त पाइप न पोचलेल्या भागांतले लोक भरतात. मालमत्ता कर भरतात तो वेगळाच. पेशव्यांनी आणि इंग्रजांनी जे काम सार्वजनिक मानलं, ते आपण गुपचूप प्रत्येकाच्या बाथरूममध्ये ढकललं.

म्हणून पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये तीन गोष्टी करा. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याची जडपणाची तपासणी करून आकडा नोटीस बोर्डावर लावा. बिल्डरच्या हमीपत्राची प्रत काढा. आणि वॉर्ड ऑफिसला लेखी विचारा, आमच्या गल्लीत जलवाहिनी कोणत्या तारखेला येणार? उत्तर आलं तर इथे टाका. नाही आलं तर तेही टाका.