निवाऱ्यातले खेळ

मंडळी, आता १९८०च्या दशकातल्या न्यूयॉर्कला येऊ. शहरात एड्सनं माणसं मरताहेत, पण मनोरुग्णालयांत त्याची फारशी चर्चा नाही. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला कसलं आलंय लैंगिक आयुष्य, असं जवळजवळ गृहीतच धरलेलं! डॉ. फ्रॅन्सिन कुर्नोस आणि सहकाऱ्यांनी दोन मनोरुग्णालयांत दाखल होणाऱ्यांमधलं एचआयव्हीचं प्रमाण तपासलं. १९९१ साली आकडा छापून आला: ५.५ टक्के. म्हणजे अठरांमागे एक.

मग प्रश्न आला, या लोकांना सांगायचं कसं? बेघर, त्यात मनाचा आजार. भाषण कोण ऐकणार? एझ्रा ससर यांच्या गटानं पुरुषांच्या निवाऱ्यात उपदेश बाजूलाच ठेवला. तिथला दिवस जायचा चुरशीच्या खेळांत, गोष्टी सांगण्यात, व्हिडिओ बघण्यात. त्यातच निरोधचं शिक्षण गुंफलं. अशा १५ बैठका. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला फक्त २. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचं धोक्याचं वर्तन दुसऱ्याच्या साधारण एक-तृतीयांश भरलं. हे १९९८ साली प्रसिद्ध झालं. 'यांना शिकवून काय उपयोग' म्हणणाऱ्यांना ते उत्तरच होतं, माझ्या मते. पुढच्या वर्षभरात मात्र हा फरक ओसरत गेला.