धानाच्या दाण्यातील सूर्यप्रकाश आणि रायपूरचा संग्रह

१८६० च्या दशकात जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युलियस साक्स यांनी एका पानाचा काही भाग झाकून ते उन्हात ठेवले. नंतर त्यातील हरितद्रव्य काढून पानावर आयोडिनची प्रक्रिया केली. उघडा भाग निळा-काळा झाला. झाकलेला मात्र झाला नाही. पानातला स्टार्च प्रकाशाच्या साहाय्यानेच तयार होतो, हे त्यातून सिद्ध झाले.

भाताचे रोपही हेच करते. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून पानात शर्करा बनते. ती विरघळलेल्या रूपात लोंबीकडे जाते आणि दाण्यात स्टार्च होऊन साठते. फुलोऱ्यानंतरच्या सुमारे ३० दिवसांत दाणा भरतो. या काळात पाणी तुटले, तर दाणे पोचट राहतात.

'धानाचा कटोरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्तीसगडच्या शेतकऱ्यांनी हे वेळेचे गणित पिढ्यान्‌पिढ्या सोडविले. लवकर सुकणाऱ्या उंचावरच्या भाटा जमिनीसाठी त्यांनी हळवे वाण निवडले. ओल धरणाऱ्या सखल कन्हार जमिनीसाठी गरवे, म्हणजे उशिरा पिकणारे. गरव्या वाणांपैकी अनेकांना दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलोरा येतो.

हे ज्ञान बियाण्यातच साठलेले होते. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालकपद भूषविलेल्या डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात रायपूरला गावोगावचे सुमारे १९ हजार नमुने जमविले. पुढे हा ठेवा १९८७ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आला.

२००२ मध्ये विद्यापीठ आणि सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीच्या प्रस्तावित कराराची वार्ता फुटली. शेतकऱ्यांनी घडविलेल्या वाणांवर अधिकार कोणाचा, असा प्रश्न उभा राहिला. तीव्र जनविरोधानंतर कंपनीने माघार घेतली. आज तेथील नमुन्यांची संख्या २३ हजारांहून अधिक आहे.

मात्र केवळ मालकी टिकवून हा संग्रह टिकत नाही. दाण्यातील स्टार्च हे अंकुराचे पहिले अन्न. रोपाचे पान हिरवे होऊन स्वतः अन्न बनवू लागेपर्यंत ते पुरते. परंतु साठवणीत बियाण्याची उगवणशक्ती हळूहळू घटते. म्हणून प्रत्येक वाण ठराविक वर्षांनी पुन्हा शेतात पेरावा लागतो आणि नव्या उन्हात नवा दाणा भरू द्यावा लागतो.