अवजारपट्टीची कथा

छापखान्यांत खिळे जुळविणारा कामगार ज्या केसपुढें उभा राहत असे, तिची मांडणी यदृच्छेनें झालेली नव्हती. वारंवार लागणाऱ्या खिळ्यांचे खण मोठे व हाताशीं असत. क्वचित् लागणारे खिळे दूरच्या खणांत पडत. हेंच तत्त्व पुढें संगणकाच्या पडद्यावर अवतरलें, आणि त्यास टूलबार, म्हणजे अवजारपट्टी, हें नांव मिळालें.

आरंभीं बहुतेक आज्ञा मेनूच्या यादींत दडलेल्या असत. प्रत्येक कामासाठीं यादी उघडून आज्ञा शोधावी लागे. १९९० सालीं मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलच्या तिसऱ्या आवृत्तींत चित्रांकित बटणांची पट्टी आली. पुढच्याच वर्षीं ती वर्डमध्येंही आली. यादी न उघडतां, एका दाबासरशीं काम होऊं लागलें. लौकरच, १९९३ च्या वर्ड ६ मध्यें तर, बटण उचलून दुसरीकडे ठेवणें, नको तें काढून टाकणें, स्वतःची नवी पट्टी रचणें हेंही कारकुनाच्या हातीं आलें. ही मांडणी ‘नॉर्मल’ नामक साच्यांत साठविली जाई; तो साचा नष्ट झाला, कीं वर्षानुवर्षें बसविलेली घडी क्षणांत विसकटे.

परंतु सोयीचा अतिरेक झाला, म्हणजे तीच अडचण होते. वर्ड २००३ मध्यें पट्ट्यांची संख्या ३१ वर गेली. तत्पूर्वीं, ऑफिस २००० मध्यें, न वापरलेल्या आज्ञा यादींतून आपोआप लपविण्याची युक्ति योजण्यांत आली. पण हात वस्तूची जागा लक्षांत ठेवतो, आणि जागाच बदलूं लागली, तेव्हां लोक गोंधळले. अखेर ऑफिस २००७ मध्यें वर्ड, एक्सेल आदींतील जुन्या पट्ट्या जाऊन ‘रिबन’ आली. त्या रिबनच्या पडद्यावर वापरणाराला मनाजोगी रचतां येईल अशी एक लहानशी पट्टीच काय ती उरली! ज्यांनीं आपली मांडणी परिश्रमानें जमविली होती, त्यांस पुनः पाटीपूजनापासून आरंभ करावा लागला. ऑफिस २०१० मध्यें रिबनवर स्वतःचे विभाग रचण्याची मुभा मिळाली, तेव्हां हें न्यून बरेंचसें भरून निघालें. लिबरऑफिसनें तर जुनी पट्टी व नवी रचना हे दोन्ही मार्ग खुले ठेविले.

या इतिहासाचा बोध साधा आहे. अवजार घडविणें हें कारागिराचें काम खरें. परंतु तें कोठें ठेवावें, हें तें रोज हातीं धरणाराला विचारूनच ठरवावें.